अकरावी सायन्स : पोरगी घरात बोलेनाशी झाली, आपण नेमकं काय करायचं?

केळीवाला_यावल

राम राम मंडळी. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. मोटर चालू करून शेडमध्ये बसलोय, त्यामुळे लांबलचक होईल, आधीच सांगतो.

यावल तालुक्यात गाव, केळीची शेती. मोठी पोरगी सेमीची, यंदा दहावीला ९४ टक्के, गावात पहिली. चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर तिचा फोटो लहान आणि लावणाऱ्यांचे मोठे, ते असो. अकरावी सायन्सला भुसावळच्या एका कॉलेजात नंबर लागला. यंदापासून, म्हणजे २०२५ पासून, सगळ्या महाराष्ट्राची अकरावी ऑनलाईन झाली ना, कॉलेजांची पसंती भरा आणि फेरीची वाट बघत बसा. निकाल मे महिन्यात लागला, वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. ग्रुप कोणता घ्यायचा म्हणून चार जणांना विचारलं, दोघं म्हणाले मॅथ्स, दोघं म्हणाले बायो. दोन्ही घेतले.

रोजचं असं आहे. पाचला उठते, सहाची एसटी. पास फुकट आहे, मुलींना बारावीपर्यंत लागत नाही काही. साडेबारापर्यंत कॉलेज. अडीचला क्लास, तो पाचपर्यंत. मधले दोन तास स्टँडवर डबा खाते आणि मैत्रिणींसोबत बसते. घरी यायला सात, बस चुकली की आठ. मग जेवण, मग वही घेऊन बारापर्यंत.

पहिली चाचणी झाली, २५ ची. फिजिक्स ७, मॅथ्स ९, केमिस्ट्री ११, बायो १८. हे तिनं सांगितलं नाही. तिच्या आईला गव्हाच्या कोठीमागं पेपर सापडले. तेव्हापासून पोरगी चौकातून येत नाही, मागच्या गल्लीनं येते. आधी आई भाकरी थापायला बसली की शेजारी बसून सगळ्या वर्गाची नक्कल करून दाखवायची. आता काही विचारलं की "हं".

सल्ले भरपूर आलेत. क्लासचे सर म्हणतात लातूरला रेसिडेन्शियलला टाका, इथं राहून होणार नाही. धुळ्याची तिची आत्या म्हणते सायन्सच सोडा. माझा भाऊ म्हणतो फोन काढून घ्या. माझी माय म्हणते फ्लेक्समुळं दृष्ट लागली, तिनं मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, चुलीत धूर पण बक्कळ झाला.

मी बारावी आर्ट्स. तिचं फिजिक्सचं पुस्तक उघडून बघितलं, सगळीकडं बाण काढलेले. कॉलेजात पालकसभा झाली, तिथं एका सरांनी सांगितलं की मूल म्हणजे रोप, नवीन जमिनीत थोडं कोमेजतंच. मी दर वर्षी टिशूची रोपं लावतो, मला रोपाचं सांगू नका. रोपाला केमिस्ट्री नसते.

तर प्रश्न इतकाच आहे. ज्या बापाला यातलं काहीच येत नाही, त्यानं घरात काय करायचं? "आधार द्या" असं कृपया लिहू नका. आधार म्हणजे संध्याकाळी सात वाजता ती दारातून आत आली की मी काय करू, ते सांगा.

खान्देशी_बाणा

भाऊ, एवढं टेन्शन कशाला? अकरावीचे मार्क कुठंच धरत नाहीत, पास झाली म्हणजे झालं. खरा अभ्यास बारावीत. फोन मात्र काढून घ्या, सगळा घोळ त्याचाच आहे. आणि नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी सरळ पॉलिटेक्निकला टाका, जळगावला आहे, धुळ्याला आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला. माझा पुतण्या तसाच गेला, मजेत आहे.

जिभाऊ_अमळनेर

केळीवाले भाऊ, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे मी. गव्हाच्या कोठीमागचे पेपर माझ्या ओळखीचे आहेत. कुणाचे गादीखाली असतात, कुणाचे एसटीत राहून जातात.

आधी तुमच्या बाणांचं. बालभारतीच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात पहिला धडा मोजमापांचा आणि दुसरा लागणाऱ्या गणिताचा. ते बाण म्हणजे व्हेक्टर, ते या दुसऱ्या धड्यात. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची तोंडओळखही तिथंच, कारण तिसऱ्या धड्यात गती शिकवायची तर त्याच्याशिवाय पुढं सरकताच येत नाही. आता मॅथ्सची पुस्तकं काढा. दोन भाग आहेत. लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन दुसऱ्या भागात, तेही अगदी शेवटी. म्हणजे मॅथ्सचे सर जिथं वर्ष संपता संपता पोचणार, ते फिजिक्सच्या सरांनी पहिल्या दीड-दोन महिन्यांतच वापरून टाकलेलं असतं. यंदा तर वर्गच ऑगस्टात सुरू झाले, त्यामुळे सगळेच पळताहेत. ७ मार्क पडले म्हणजे पोरगी मठ्ठ झाली असं नाही. तिला जे अजून कुणी शिकवलंच नाही, त्याच्यावर पेपर काढलाय.

दहावीचे ९४ खरेच आहेत, पण ते वेगळ्या हिशोबाचे. सायन्सचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे, वरून २० अंतर्गत, आणि टक्के काढताना सहापैकी चांगले पाच विषय. तिथं नेमून दिलेलं नीट लिहिणाऱ्या पोराचं भागतं. इथं चार विषय, चारी वेगळे, आणि प्रश्न पुस्तकात जसा आहे तसा येत नाही. माझ्या वर्गात दहावीला नव्वदीच्या वर असलेली पोरंच पहिल्या चाचणीला जास्त हादरायची. साठवाल्यांना नापास होण्याची सवय असायची, ते निवांत.

बाणा भाऊंचं अर्धं बरोबर आहे. अकरावीचे मार्क बारावीच्या मार्कशीटवर येत नाहीत. पण एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि मेडिकलच्या नीटला आणि इंजिनिअरिंगच्या जेईईला तर दोन्ही वर्षांचं सारखंच. शिवाय बारावीचं फिजिक्स हे अकरावी उरकून टाकलेल्याला झेपत नाही. डिप्लोमाची वाट चांगली आहे, पण ती इंजिनिअरिंगची वाट आहे. पोरीला तिकडं जायचंय का, ते आधी कळू द्या.

आता सात वाजता काय करायचं. काही विचारू नका, जेवायला वाढा. विचारायचं ते आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही दोघंच असाल तेव्हा. तिला म्हणा, या आठवड्यात शिकवलेलं काहीही एक मला सांग, आपल्या भाषेत. अहिराणीत सांगितलं तरी चालेल, लेवा बोलीत सांगितलं तरी चालेल. तुम्हाला कळणार नाही. ते तर उत्तमच. "मला नाही समजलं, परत सांग" हे तुम्ही खरंखरं म्हणू शकता. आम्ही मास्तर लोक ते म्हणायला लागलो की पोरांना नाटक कळतं. सांगता सांगता ती एखाद्या जागी अडखळेल. ती जागा पुस्तकात पेन्सिलीनं खुणावायची आणि सोमवारी सरांना तेवढीच विचारायची. "मला फिजिक्स येत नाही" या वाक्याला कोणत्याच सरांकडं उत्तर नसतं. "या ओळीतून ही ओळ कशी आली" याला असतं.

लातूरचं म्हणाल तर तिथं जाऊन नाव काढलेली पोरं मी पाहिलीत आणि दिवाळीला परत आलेली पण पाहिलीत. तिला जायचं असेल तर विचार करा. ७ मार्कांची शिक्षा म्हणून पाठवू नका. आणि कॉलेजात नुसतं नाव, हजेरी कागदावर, असला कारभार असेल तर प्रॅक्टिकल बुडतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्हींना तीस-तीस मार्कांचं प्रॅक्टिकल आहे, ते फुकट घालवायचं नाही.

आता एक शेवटचं, राग मानू नका. चार विषयांचे मार्क लिहिताना बायोचे १८ तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेत आणि पुढं त्याच्यावर एक शब्द नाही. घरात पण तसंच झालं का?

काळजी करू नका. बठ्ठं व्हई जाई.

शिरपूरचा_पोऱ्या

काका, मी आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. अकरावीच्या पहिल्या चाचणीला मला फिजिक्समध्ये ५ होते, त्यामुळं तुमच्या ताईनं बाजी मारलीय.

फोन काढून घेऊ नका. बसमधल्या आणि स्टँडवरच्या वेळेत माझं निम्मं केमिस्ट्री फोनवर झालंय. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, दप्तराचं ओझं पण कमी होतं. आमच्या घरी नियम असा होता की रात्री दहाला सगळ्यांचे फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे पप्पांचा पण. पप्पांना ते माझ्यापेक्षा जड गेलं.

ती बोलत नाही कारण बोललं की सल्ला मिळतो. तुम्हीच लिहिलंय, आत्या, काका, आजी, क्लासचे सर. तिनं तोंड उघडलं तर अजून चार येतील. आणि फीचा आकडा तिच्यासमोर काढू नका. आमच्याकडं पाहुणे आले की "याच्या क्लासला एवढे भरले" असं चालायचं. आकडा ऐकला की पुस्तक उघडायचीच भीती वाटायची.

जिभाऊंनी २० टक्के सांगितलं, ते कसं पडतं ते सांगतो. सीईटीला फिजिक्सचे ५० प्रश्न, त्यातले १० अकरावीचे. केमिस्ट्रीचं तसंच. मॅथ्सचं पण तसंच, फक्त तिथं प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा. बायो असेल तर १०० पैकी २०. निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि ते अकरावीच्या सगळ्या धड्यांवर नसतात, ठरलेल्या धड्यांवरच असतात, यादी सीईटी सेल जाहीर करतं. ती यादी मी भिंतीला चिकटवली होती. सगळं पुस्तक अंगावर येतं, यादी येत नाही.

ओबीसी, भटके-विमुक्त किंवा एसबीसीमध्ये असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेचं बघा. नीट, जेईई, सीईटीचं ऑनलाईन ट्रेनिंग आणि टॅब फुकट मिळतो. दहावीनंतर सायन्स घेतलेल्यांसाठीच असतं. अर्जाची मुदत चालू आहे का ते त्यांच्या साईटवर बघून घ्या.

सिस्टर_नंदुरबार

दादा, एवढ्या सगळ्यांनी अभ्यासाचं लिहिलं, मी पोटाचं लिहिते.

पहाटे पाचला उठून सहाच्या गाडीला पोरगी काय खाऊन जाते? चहा आणि टोस्ट, मला लिहून द्या. दुपारी थंड डबा, रात्री आठला जेवण. आणि मुख्य म्हणजे दिवसभर पाणी किती पिते, ते तिच्या आईला विचारायला सांगा. स्टँडवरच्या बाथरूममध्ये जावं लागू नये म्हणून आमच्याकडं पोरी पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळतं, पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. हे ती बापाला कधी सांगायची नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासा, पैसे लागत नाहीत. पंधराच्या पुढच्या मुलींचं १२ च्या वर पाहिजे. ७-८ वर असलेल्या पोरी माझ्यासमोर "मला लक्षात राहत नाही" म्हणून रडतात, आणि घरचे त्यांना आळशी म्हणत असतात. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळायची ना, लोहाची, ती कॉलेजात गेल्यावर बंद पडते. आशाताईंकडं मागा, दहा ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी आहे. पण हिमोग्लोबिन कमी निघालं तर तेवढ्यावर भागवू नका, डॉक्टर सांगतील तो डोस. आमच्या भागात सिकलसेल पण बघतो, तुमच्याकडं डॉक्टरांना विचारा.

झोप मोजा. बारा ते पाच म्हणजे पाच तास झाली. या वयाला आठ तरी पाहिजे. दहापर्यंत वही बंद.

गप्प आहे तोवर ठीक, तिला थोडं गप्प राहू द्या. पण जेवण तुटलं, मैत्रिणी तुटल्या, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असलं काही तोंडातून निघालं तर चाचण्यांची वाट बघू नका, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पालकांनी फोन केला तरी चालतो.

केळीवाला_यावल

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. कांदेबाग केळीची लागवड चालू होती, वरून दिवाळी.

सिस्टर, तुम्ही लिहिलेलं तिच्या आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली, पोरीला विचारून आली, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "त्या बाईला कसं कळलं?" हिमोग्लोबिन ९.६ निघालं. गोळ्या सुरू केल्यात. भुसावळला माझ्या मावसभावाचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर आहे. आता मधल्या वेळेत ती तिथं जाते. वहिनी डबा गरम करून देतात आणि तिला पंख्याखाली अर्धा तास आडवी पाडतात. वहिनींनी अभ्यासाचा एक शब्द काढायचा नाही असं ठरलंय, त्यांना ते अवघड जातंय पण पाळतात. फोन पुढच्या खोलीत. माझा पण. म्हणूनच आज दुपारी लिहितोय.

जिभाऊ, तुमचं ते "एक काहीतरी सांग" पाडव्याच्या दिवशी केलं. मला वाटलं बाण काढेल. तिनं बायो काढलं. जिवांचं वर्गीकरण चालू आहे म्हणे, त्यात व्हायरस कुठंच नीट बसत नाही, कारण तो पेशीच नाही. मी म्हटलं, मंग आपल्या बागेत सीएमव्ही येतो तो हाच का? तर म्हणे हाच, व्हायरसच, कुकुंबर मोझॅक. मग तिनं मला विचारलं की आपण ती झाडं उपटून का टाकतो, औषध का मारत नाही. हे मला येत होतं. व्हायरसला औषध नाही, फवारणी मारायची ती मावा किडीसाठी, कारण तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि म्हणून बागेच्या आजूबाजूला काकडी-भोपळा ठेवायचा नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. अडखळली कुठंच नाही, त्यामुळं पेन्सिलीची खूण राहिली. फिजिक्सची खूण पुढच्या रविवारी झाली. एकाच पानावर पाच निघाल्या. सरांनी दोन सांगितल्या, बाकीच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले.

बायोचे १८ शेवटी का लिहिले, याचं उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलंय. चाचणीचा कागद मी जसा वाचला तसा लिहिला एवढंच. पण त्यावरून घरात विषय निघाला की मॅथ्स नेमकं कोणाला पाहिजे होतं. तिला नको होतं. तिच्या आईला माहीत नव्हतं. मलाही खास पाहिजे होतं असं नाही. बहुतेक फ्लेक्सवाल्यांना पाहिजे असेल. कॉलेजात विचारलं, अर्ज देऊन मॅथ्स सोडता येतं म्हणाले, पण लवकर द्या. तिनं आठ दिवस मागितलेत विचार करायला. नीटची परीक्षा देणार का विचारलं तर "बघू" म्हणाली. बायोवर शेतकी पण होतं, सीईटीवरच, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, हे तिनंच मला सांगितलं. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर परत सल्ला झाला असता, शिरपूरवाल्या भाऊ.

मागच्या गल्लीनंच येते अजून. येऊ दे.

आता एक कागदाचं काम विचारायचंय. आम्ही ओबीसी. क्लासमध्ये कोणी म्हणे जातीची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणी, आत्ताच काढा, कोणी म्हणे बारावीनंतर. जिभाऊ, तुमच्या काळात पोरं काय करायची?

जिभाऊ_अमळनेर

बारावीनंतर काढू म्हणणारे लोक जून-जुलैत पडताळणी समितीच्या दारात उभे असतात. आत्ताच लागा कामाला, अभ्यासात मदत करता येत नाही म्हणता ना, हे काम पूर्ण तुमचं. कॉलेजातून प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या, ऑनलाईन अर्ज भरा, मग कागद जळगावच्या समितीकडं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. तुमच्या वडिलांचा शाळेचा दाखला त्याच्या आधीचा असेल तर निम्मं काम झालं, नसेल तर आजोबांचा शोधा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. आडनावाचं, नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर एकच आहे का ते आधी बघा, अर्ज तिथंच अडकतात. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेगळा, त्याची मुदत बघून ठेवा.

शाळेत सकाळी जा. दुपारनंतर मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले असतात.